हॉलमधलं तळं

१

सकाळी चहा गॅसवर ठेवायचा आणि तो उकळेपर्यंत तळ्याकडे एक फेरी मारायची, ही माझी सवय होती. तळं म्हणजे हॉलच्या खिडकीखाली, जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवलेला काचेचा टँक. त्याला मोटार नव्हती, बुडबुडे सोडणारी नळी नव्हती, दिवा नव्हता आणि मुख्य म्हणजे त्यात मासे नव्हते. घरी येणारा प्रत्येक जण आधी वाकून बघायचा आणि मग हळहळून विचारायचा, मासे मेले का म्हणून. सुरुवातीला मी समजावून सांगायचे. पुढं पुढं नुसतं "हो" म्हणायचे आणि चहाचं विचारायचे.

हा उद्योग आमच्या ह्यांचा, म्हणजे रमाकांतरावांचा. बुलढाण्याच्या कोर्टात आयुष्यभर कारकुनी केली. रिटायर झाल्यावर इतर लोक सकाळी फिरायला जातात, भजनी मंडळात जातात. हे चिखलात शिरले. देऊळघाटला माझ्या भावाचं, किसनरावांचं, शेत आहे. तिथली काळी माती पोत्यात भरून आणली आणि माझ्या पिठाच्या चाळणीनं चाळली. ती चाळणी मी पुन्हा पिठाला लावली नाही. माती तळाशी आणि तिच्यावर नदीची भरड वाळू, म्हणजे माती वर येत नाही. धरणाच्या काठावरून आणलेलं रिबिनीसारखं लांब गवत त्यात खोचलं, पाणी हळूहळू ओतलं आणि हे खुर्ची ओढून समोर बसले. कितीतरी आठवडे त्यात गढूळ पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. चिखल बघायला काच विकत आणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतेय, असं मी तेव्हा म्हणाले होते.

मग एक दिवस हे अकोल्याहून एसटीनं येताना मांडीवर पाण्याची पिशवी घेऊन आले. पिशवीत नखाएवढे लाल झिंगे होते. गोगलगायी गवताबरोबर फुकटात आल्याच होत्या. गोगलगायी काचेवरचं शेवाळ खायच्या, झिंगे गळलेलं पान खायचे, त्यांच्या घाणीवर गवत वाढायचं आणि गवत पाणी स्वच्छ ठेवायचं. माणसाला त्यात फारसं काम नव्हतं. मी एकदा विचारलं, मग तुम्ही दिवसभर तिथं बसून करता तरी काय? तर म्हणाले, "अवं, काही करायचं नसते. तेच तं जमत नाही लोकायले."

काम एकच होतं. उन्हानं पाणी आटलं की तेवढं भरायचं, आणि तेही शिळं. नळाच्या पाण्यातलं औषध झिंग्यांना सोसत नाही, म्हणून मागच्या ओट्यावर एक बादली कायम उघडी ठेवलेली असायची. शेजारच्या बेबीताईंनी पहिल्यांदा झिंगे पाहिले तेव्हा विचारलं होतं, की हे वाळवून ठेवता का तसेच परतता. हे इतके हसले होते की डोळे पुसावे लागले.

२

हे गेले ते गेल्याच्या गेल्या श्रावणात. शेवटचे दिवस दवाखान्यात काढले. तोंडानं काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते बरोबरच होतं. हे पाणी मागायचे. मी कापसाचा बोळा ओला करून ओठांवरून फिरवायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. त्यांच्या आयुष्यात शेवटी पाणी एवढंसंच आलं, याचं मला फार वाईट वाटत राहिलं.

कारण ह्यांना पाण्याचं भारी वेड. फ्रीजचं नको, माठातलंच हवं, आणि घरात चांगले पेले असताना प्यायचे ओंजळीनं. लहानपणी विहिरीवर लागलेली सवय, ती कोर्टात खुर्चीवर बसूनही गेली नाही. मोरीपाशी वाकून उभे राहायचे, मी वरून तांब्यानं धार धरायची आणि हे घटाघटा प्यायचे. मध्ये एक श्वास घ्यायचा, पुन्हा घटाघटा. दोन्ही तळहात जुळवून असा खळगा करायचे की एक थेंब खाली पडत नसे. लग्न झालं तेव्हा मला त्याची लाज वाटायची. नंतर दुपारची ती वेळ झाली की मीच तांब्या घेऊन उभी राहायचे.

तळं मी सांभाळलं. झिंग्यांना उकडलेल्या दोडक्याची चकती टाकायची, पाणी भरायचं, बदामाचं वाळकं पान सोडायचं, सगळं मला बघून बघून येत होतं. पिल्लं झाली की सांगायला कोणी नव्हतं, म्हणून तळ्यालाच सांगायचे. निवृत्त मास्तरीण काचेशी बोलते हे शेजारापाजाऱ्यांना ऐकू गेलं असेल तर जावो.

यंदा चैत्रात रेवती बाळंतपणाला आली. आमची एकुलती एक मुलगी. जावई दीपकचं दुसरबीडला रस्त्यावर पाइप-फिटिंगचं दुकान आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. तेव्हापासून ती पोटावर हात ठेवूनच चालायची, जिन्याची पायरीसुद्धा विचार करून उतरायची. हे मूल नीट हातात यावं, याच्यापलीकडे मला देवाकडे काही मागायचं नव्हतं. घरात सगळ्यात गार जागा तळ्याजवळची, म्हणून मी तिचा दिवाण तिथंच ओढून दिला.

३

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. वर्षश्राद्ध झालेलं असल्यानं यंदा ह्यांच्या नावाची घागर पहिल्यांदाच भरायची होती. आमच्याकडे मातीची नवी घागर गव्हावर ठेवतात, काठोकाठ पाणी भरतात, वर आंब्याची पानं आणि एक डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. गेलेल्या माणसांना उन्हाळ्यात पाणी मिळावं, एवढाच त्यातला भाव. पुरणपोळी केली, चिंचवणी केली, कुरडया तळल्या. घागरीसाठी किसनरावांनी देऊळघाटच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून पाठवलं होतं. पान वाढून मी हात जोडले आणि एकटीच खूप रडले. रेवतीला कळू दिलं नाही.

घागरीचं पाणी दुसऱ्या दिवशी घराबाहेरच्या झाडाच्या मुळाशी ओतायचं असतं, म्हणजे पाणी प्यायला आलेलं माणूस घरातून बाहेर पडतं. माझ्या सासूबाई फाटकाबाहेरच्या कडुनिंबाला ओतायच्या. मी घागर उचलली आणि तळ्यापाशी थांबले.

नळाला पाणी यायचे दिवस लांबले होते. ओट्यावरची शिळ्या पाण्याची बादली रेवतीच्या आंघोळीत संपली होती. तळ्याचं पाणी इतकं खाली गेलं होतं की गवताची टोकं उघडी पडून वाळायला लागली होती. आणि माझ्या हातात विहिरीचं, औषध नसलेलं, रात्रभर मातीत गार झालेलं घागरभर पाणी होतं. झिंग्यांसाठी याहून चांगलं पाणी शोधून मिळालं नसतं. झाडालाच घालायचं ना, असं मी मनाशी म्हटलं. ही पण झाडंच आहेत, आणि ह्यांनी स्वतःच्या हातानं लावलेली. कडुनिंबापेक्षा ह्यांना हेच आवडलं असतं.

मी वाळू उठू नये म्हणून बशीवर धार धरून सगळं पाणी तळ्यात ओतलं. गवत पुन्हा उभं राहिलं. मला फार समाधान वाटलं.

दुपारी बेबीताई डांगराची फोड घ्यायला आल्या तेव्हा सहज विचारलं, पाणी टाकलं का. मी म्हटलं, झाडाला घातलं. "बाहेरच्याच ना?" त्यांनी विचारलं. मी विषय बदलला आणि त्यांना कुरडया बांधून दिल्या.

४

पाणी कमी होतंय हे लक्षात यायला थोडे दिवस गेले. उन्हाळ्यात ते आटतंच. पण मी सकाळी काठापर्यंत भरलेलं पाणी संध्याकाळी चांगलं ओंजळ-दोन ओंजळ उतरलेलं असायचं. टँक गळत असेल म्हणून खाली वर्तमानपत्र घातलं. कागद कोरडा राहिला. मांजर असेल म्हणून वर जाळी ठेवली. जाळी जागची हलली नाही.

मी चौथीच्या पोरांना बाष्पीभवन शिकवत आयुष्य काढलेलं. शाळेत करून घ्यायचे तसा प्रयोग केला. रेवतीची एक टिकली काचेवर पाण्याच्या रेषेला चिकटवली आणि शेजारी त्याच उजेडात पाण्यानं भरलेली परात ठेवली. संध्याकाळी परातीतलं पाणी जेमतेम नखभर उतरलं होतं. तळ्यातलं टिकलीच्या चांगलं बोटभर खाली गेलं होतं. मी परात उचलून ठेवली आणि प्रयोगाबद्दल कोणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर झोपायच्या ऐवजी मी लक्ष ठेवायचं ठरवलं. रेवती दिवाणावर झोपली होती. गल्लीत सामसूम होती, पंखा तेवढा फिरत होता. आधी गोगलगायी निघाल्या. एकेक करून काचेवरून वर चढल्या आणि पाण्याच्या बाहेर येऊन चिकटून बसल्या. मग झिंगे गवतातून बाहेर आले आणि टँकच्या एका कोपऱ्यात गेले. सगळे एकाच कोपऱ्यात, एकमेकांच्या अंगावर, तोंडं भिंतीकडे करून. पाणी बिघडलं की जीव असं करतात हे मला ठाऊक होतं. पाणी बदलायला हवं असा विचार करत मी गॅस बंद केला की नाही ते बघायला स्वयंपाकघरात गेले.

आणि मागे हॉलमधून आवाज आला. घट, घट, घट. थांबला. एक श्वास घ्यावा इतका थांबला. मग पुन्हा घट, घट.

मी ओट्याला धरून उभी राहिले. घाबरले नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. त्या वेळी हॉलमध्ये जायचं नाही, एवढं मला आतून कळलं. आपण गेलो तर ते थांबतील, अर्धवट पितील. आवाज संपेपर्यंत मी तिथंच उभी राहिले आणि मग पदरानं डोळे पुसून बाहेर आले. झिंगे पुन्हा गवतात पसरले होते, पाणी उतरलं होतं.

त्या दिवसापासून मी जेवणाआधी तळं काठोकाठ भरू लागले. पिण्याच्या माठातलं, वाळा घातलेलं पाणी. साडी बदलायचे, केस नीट करायचे. रेवतीनं विचारलं, "आई, दुपारची कुठं जाऊन राह्यली तू?" मी म्हटलं, कुठं नाही गं, उकडतं म्हणून.

मनातून मला वाटायचं की एकेका म्हाताऱ्या बाईचं डोकं असं फिरतं. पण फिरलेल्या डोक्याला सोबत असेल तर शहाणपणाचं करायचं काय, असंही वाटायचं.

५

रेवतीला तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई सोनोग्राफीच्या पडद्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, बाळाभोवतीचं पाणी कमी दिसतंय. घाबरायचं काही नाही, उन्हाळ्यात होतं असं, भरपूर पाणी पाजा, शहाळी द्या, डाव्या कुशीवर झोपू द्या. मी घाबरले नाही. दीपक दुसरबीडहून शहाळ्यांचं पोतं घेऊन आला.

रेवती पाणी पीत होती. मी समोर बसून पाजत होते. तिच्या ओठांच्या साली निघायला लागल्या. "किती पेलं तरी तोंड वाळते, आई," ती म्हणायची. "पाणी जाते कुठं, समजत नाही."

पुढच्या तपासणीत पाणी आणखी उतरलेलं निघालं. या वेळी डॉक्टरीणबाईंनी कारणं सांगितली नाहीत. असंच राहिलं तर दिवस भरायच्या आधीच सिझेरियन करून बाळ काढावं लागेल आणि एवढं लहान बाळ सोपं नसतं, असं त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. रेवतीला ते ऐकू गेलं नव्हतं, तरी परतताना रिक्षात तिनं माझा हात सोडला नाही.

नळ आणखी लांबला होता. गल्लीत टँकर यायचा, दोन ड्रम भरून द्यायचा, त्यात धुणंभांडी आणि रेवतीचं पाणी. तळ्यात टाकायला काही उरत नव्हतं. काही दिवस मी ते भरलंच नाही. पाणी पार गवताच्या कमरेपर्यंत आलं. त्याच दिवसांत रेवती सकाळी पोटावर हात ठेवून बसून राहायची आणि म्हणायची की आज हालचाल कमी वाटते. मग मी माझं प्यायचं पाणी वाचवून तळ्यात ओतायचे, आणि संध्याकाळी ती म्हणायची की आता लाथा मारतंय बघ. मी हे दोन्ही पाहत होते. पण एकाशेजारी एक ठेवून पाहत नव्हते. शिकलेल्या बाईनं असल्या गोष्टी जोडायच्या नसतात, असं मी स्वतःला बजावत होते, आणि खरं म्हणजे मला दुपारचा तो आवाज सोडवत नव्हता.

६

त्या दिवशी टँकर आलाच नाही. तळ्यात तळाशी थोडंसं पाणी राहिलं होतं आणि मी ते तसंच ठेवलं. जेवून रेवती दिवाणावर उताणी झोपली. डाव्या कुशीवर झोप म्हणून सांगावं असं मनात आलं, पण तिचा डोळा लागला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन नेहमीसारखी उभी राहिले.

आवाज आला, पण नीट आला नाही. एक घोट. मग काचेवर नख घासल्यासारखं काहीतरी. मग पुन्हा अर्धा घोट. तळाचं पाणी पुरत नसलेल्या माणसाचा आवाज होता तो. एवढ्या उन्हात हे आले आणि पाणी नाही. मी माठात तांब्या घातला, माठाच्या बुडाला जे होतं ते खरवडून काढलं आणि आजवर केलं नव्हतं ते केलं. पडद्याआडून हॉलमध्ये बघितलं.

तळ्यातल्या पाण्याला खळगा पडला होता. वारा नव्हता, काही पडलं नव्हतं, आणि उरलेल्या पाण्याच्या मधोमध दोन तळहात जुळवल्यावर पडतो तेवढा खळगा होता, तसाच लांबट, तशीच मध्ये हातांच्या जोडाची रेघ. मी ती ओंजळ ओळखली. चाळीसच्या वर वर्षं तिच्यात पाणी ओतलं होतं. कोपऱ्यात झिंगे एकावर एक चढून काचेला धडका देत होते.

मग खळगा भरला. पाणी सपाट झालं.

मी तांब्या घेऊन पुढं पाऊल टाकणार तेवढ्यात माझं लक्ष दिवाणाकडे गेलं. रेवतीच्या पोटावर गाऊनचं कापड ताणलेलं होतं. त्याच्यावर हळूच, अगदी हळूच, दोन तळहातांएवढा खळगा पडला. खाली पोट होतं, पोटात मूल होतं, आणि कापड आत जात होतं. रेवती झोपेतच ओठ चाटत होती.

घट, असा आवाज आला.

"अहो," मी म्हणाले. "ती आपली रेवती आहे."

कापड वर आलं. रेवती दचकून जागी झाली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. मी तांब्या तिच्या तोंडाला लावला. ह्यांचा राग मला तेव्हाही आला नाही. ह्यांना कळत नसणार. तहानेला घरचं-दारचं कळत नाही, हे दवाखान्यात मी बघितलं होतं.

७

रेवतीला मी बेबीताईंकडे पाठवलं, कूलरपुढं जरा पड म्हणून. ती गेल्यावर पदर खोचला.

चहाच्या गाळणीनं आधी झिंगे उचलले. बेबीताईंच्या आटत आलेल्या बोअरला त्या दिवशी घंगाळभर पाणी निघालं होतं, ते मागून आणलं आणि त्यात सोडले. गोगलगायी हातानं वेचल्या. ह्यांनी एसटीत मांडीवर धरून आणलेली जात, ती मारायची नाही हे ठरलेलं होतं. मग मगानं बादलीत पाणी काढायला लागले. गवत उपटून काढलं तेव्हा मुळांबरोबर काळी माती वर आली आणि सगळं गढूळ झालं, पहिल्या आठवड्यांत होतं तसं.

बादली फाटकाबाहेर नेऊन कडुनिंबाच्या मुळाशी ओतली. रस्ता तापला होता, झाडाखाली कोणाची तरी बकरी बसली होती, धूळ उडत होती. पाणी पडलं आणि काही क्षणांत जागा कोरडी झाली. आत येताना मला वाटलं की आता संपलं, आता बाळाला काही होणार नाही. त्याच वेळी असं रडू आलं की दाराला टेकून उभं राहावं लागलं.

टँक जवळजवळ रिकामा झाला होता. वाळूतल्या एका खोलगट जागी तेवढं पाणी उरलं होतं. ओंजळभर. मगात येत नव्हतं. मी टँक तिरका करायला हात लावला आणि थांबले, कारण त्या पाण्याला पुन्हा खळगा पडला होता.

हे तिथंच होते. झाडाकडे गेलेच नव्हते.

मी त्यांना बाहेर काढणार होते. टँक तिरका केला असता, फडक्यानं पाणी टिपून घेतलं असतं आणि ते फडकं कडुनिंबाखाली पिळलं असतं, की झालं. सासूबाईंनी सासऱ्यांना असंच कडुनिंबाकडे घालवलं होतं, सगळेच घालवतात. पण मग ह्यांनी तापल्या रस्त्याच्या कडेला, बकऱ्यांच्या लेंड्यांत, वर्षातून एकदा मिळणाऱ्या पाण्याची वाट बघत उभं राहायचं. ज्या माणसाला मी शेवटी कापसाचा बोळा दिला, त्याला आता फडक्यातलं पाणी देऊन घालवायचं. माझ्यानं होईना. आणि घरात ठेवले तर पोरीकडे जाणार. थोड्या वेळात ती परत येऊन त्याच दिवाणावर आडवी होणार होती.

मी दोन्ही हात त्या पाण्यात घातले. गारठून गेले. पाण्याखाली माझ्या तळहातांना दुसरे तळहात लागले असं मला म्हणायचं नाही. लागलं काय ते मी सांगू शकत नाही. मी हळूच ओंजळ वर उचलली.

"तिच्याकडे नाही जायचं," मी म्हणाले. "माझ्याकडे या."

आणि ती ओंजळ पिऊन टाकली. माती, वाळू, गवताचा वास, सगळं घशाखाली उतरलं.

८

पुढच्या तपासणीला पाणी वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, शहाळ्यांचा गुण आहे म्हणाल्या. रेवतीची कोरड गेली. आषाढात दिवस पूर्ण भरून मुलगी झाली, चांगली वजनदार. दीपकनं सगळ्या गल्लीत पेढे वाटले. मी बाळंतिणीचं सगळं केलं, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाची आंघोळ. नातीला पायावर घेऊन पाणी घालताना ती हात-पाय झाडते, तेव्हा मला दुसरं काही नको असतं. रिकामा टँक मी माळ्यावर टाकून दिला. झिंगे घंगाळात मजेत आहेत, फक्त मी वाकून बघायला गेले की पलीकडच्या कडेला जाऊन गोळा होतात.

माझी तब्येत उतरली आहे. बांगड्या कोपरापर्यंत चढतात, हातांची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. रेवतीनं बळजबरीनं शुगर तपासून घेतली. काही निघालं नाही, आणखी तपासण्या करू म्हणाले. "आई, सकाळपासून माठ खाली केला तू," परवा ती म्हणाली. "एवढं पाणी पिऊन तू वाळून काऊन राह्यली?" मी म्हटलं, बाळंतपण काढलं की आई वाळतेच, तुझ्या वेळी माझी आईही वाळली होती. ती हसली आणि बाळाला घेऊन आत गेली.

पाणी मी पिते, पण त्यातला एक घोटही माझ्यापर्यंत पोचत नाही. घसा सतत जळत असतो. हे असं फार दिवस चालणार नाही, एवढं मला समजतं. पुरे म्हटलं तर हे ऐकतील, त्या दुपारी एका शब्दासरशी ऐकलं होतं. ते बाहेर जातील, मी वाचेन, नातीला शाळेत जाताना बघेन. म्हणून रोज दुपारी, जेवणं झाली की, आज पुरे म्हणायचं असं ठरवून मी मोरीपाशी जाऊन उभी राहते. मग पोटातून ह्यांना लागलेली तहान मला कळते आणि मी तांब्या भरते.